यंत्राच्या अटी

टॉवर चौकातल्या पोह्यांच्या गाडीला लागून आल्हादचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आत शिरताना पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याचा वास आपल्या पाठोपाठ येतो आणि आपण उठेपर्यंत शेजारची खुर्ची धरून बसतो. कार्तिकातल्या एका दुपारी देवश्री आणि श्रीकांतराव त्या वासासकट दुकानात गेले. लिहायचं सॉफ्टवेअर निवडायचं होतं.

काम तसं साधं. देवश्रीला अंबिकाआत्याच्या ओव्या उतरवून काढायच्या होत्या. आत्या जाऊन सतरा वर्षं झाली. तिच्या ओव्या कुठल्याच कागदावर नव्हत्या, त्या देवश्रीच्या पोटात होत्या. एकदा तिनं परातीत वालाचे दाणे टाकत टाकत मोजल्या, तर तीनशे बारा भरल्या. लिहीन लिहीन म्हणता शाळेतली नोकरी सरली, लेकीचं लग्न झालं, साठी उलटली. आणि ऐन सवड मिळाली तेव्हा उजव्या हाताची करंगळी रुसली. चैत्रात करंगळी, ज्येष्ठात तिच्या शेजारचं बोट. किल्लीला कुलूप सापडेना, पेन बोटांतून निसटू लागलं. इंदूरच्या डॉक्टरांनी दंडात सुया टोचून वीज सोडून पाहिली, मग श्रीकांतरावांना एकट्यालाच आत बोलावलं. बाहेर येऊन ते म्हणाले, "मानेत नस दबलीय. वेळ लागेल." आणि परतीच्या सबंध वाटेत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. इंदूर ते उज्जैन रस्त्यावर इतकं पाहण्यासारखं आहे तरी काय!

पेन धरवत नाही, म्हणून सॉफ्टवेअर. पुण्याहून लेकीनं, निहारिकानं, तीन निवडून अटींसकट पाठवली होती. कुणाला किती मेमरी लागते, कुणाला काय काय जोडावं लागतं. आल्हादनं तीन कागद छापून काउंटरवर मांडले. लहानपणी तो उज्जैनच्या मराठी समाजाच्या वर्गात देवश्रीच्या हाताखाली बाराखडी शिकला होता. अजूनही तिच्यापुढं उभा राहिला की हात मागे बांधायचा.

"काकू, पहिलं एकदम हलकं," तो म्हणाला. "तुमच्या जुन्या डब्यावरसुद्धा पळेल. चार जीबी मेमरी, बस. टाइप करा, छापा, खतम."

"आणि दुसरं?"

"ते ऐकून लिहितं. तुम्ही बोला, ते टाइप करेल. त्याला आठ जीबी पाहिजे, चांगला माइक पाहिजे. आपली मशीन रडेल थोडी."

"ती पंधरा वर्षं रडतेच आहे रे. माझ्याकडं नांदायला आली तेव्हापासून."

आल्हाद हसला. पण अर्धवटच हसला, आणि तिसरा कागद त्यानं तिच्याकडं न सरकवता श्रीकांतरावांकडं सरकवला. देवश्रीनं मान वाकडी करून तो वाचला. मेमरी सोळा जीबी. पडद्याखाली बसणारा वेगळा कॅमेरा. वापरणाऱ्याच्या डोळ्यांपासून पडद्याचं अंतर दोन फूट. डोकं स्थिर असावं. खोलीत थेट ऊन नसावं. वापरणाऱ्याच्या आवाजातली किमान दोनशे वाक्यं आधी नोंदवलेली असावीत.

"डोकं स्थिर असावं?" ती म्हणाली. "हे लिहायचं आहे की फोटो काढायचं?"

"नवीन आहे काकू. म्हणजे कसं, पुढं कधी काही कमी पडलं तर बदलायला नको."

"पुढं काय कमी पडणार आहे?"

आल्हादनं वायरचं एक भेंडोळं उचललं आणि सोडवायला घेतलं. ते सुटलेलंच होतं.

"तिसऱ्याच्या हिशेबानं मशीन घेऊ," श्रीकांतराव म्हणाले. "पहिली दोन त्यात आपोआप मावतील."

आता श्रीकांतराव म्हणजे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढलेला माणूस. मिक्सर घ्यायचा तरी चार दुकानं फिरून, भांड्यात बोटं घालून, "घरी विचारून सांगतो" म्हणून परत येणारा. त्या माणसानं पाच मिनिटांत सगळ्यांत जड गोष्ट निवडली. वाढत्या अंगाच्या मुलीला दोन बोटं मोठा झगा शिवावा, तसं. देवश्रीचं अंग काही आता वाढणारं नव्हतं. तिनं पदर ओढून घेतला.

नवी मशीन ऋषीनगरच्या घरी आली. पहिल्या नंबरचं सॉफ्टवेअर उघडून देवश्री डाव्या हाताच्या एका बोटानं ओव्या टाइप करायला बसली. चार दिवसांत सात ओळी झाल्या. बोट हळू चालत होतं, पण खरी अडचण बोटाची नव्हती. ओव्याच येत नव्हत्या.

त्याचं कारण जुनं होतं. अंबिकाआत्या मोकळ्या हातानं ओवी म्हणत नसे. "सांग ना गं आत्या" म्हटलं की म्हणायची, "आधी कापूस घे, मग विचार." कार्तिकात क्षिप्रेच्या रामघाटावर लागणाऱ्या दिव्यांसाठी त्यांच्या घरी लाख वाती वळायचं व्रत असे. पायलीभर कापूस मधोमध, भोवती बायका, बोटाला दुधाचा ओलावा. कापूस ओढला की ओवीचा पहिला चरण निघे, तळव्यावर पीळ पडला की दुसरा, टोक वळलं की तिसरा, आणि वात डब्यात पडता पडता ते शेवटचं तोकडं पाऊल. एक वात, एक ओवी. देवश्रीच्या ओव्या अशा हाताच्या वाटेनं आत गेलेल्या, त्या बाहेरही त्याच वाटेनं येत. कीबोर्डावर 'श' कुठं आहे ते शोधेपर्यंत ओवी घरी निघून जायची.

श्रीकांतरावांनी लिहून घ्यायचा एक प्रयत्न करून पाहिला. पण ते दर चरणाला विचारत, "म्हणजे काय?" तिसऱ्या ओवीला देवश्रीनं त्यांना भाजी आणायला पाठवून दिलं.

मग दुसरा नंबर. माइक समोर ठेवला, मांडीवर कापसाचा डबा घेतला आणि देवश्री वाती वळत वळत म्हणू लागली.

शिपरामायचं पाणी, वळणाशी थांबलं,
लेकीशी बोललं, घाटावरी.

पडद्यावर अक्षरं उमटली. बरोबर उमटली! देवश्री पोरीसारखी हसली. एका ओवीच्या पोटात "कुकरच्या किती शिट्ट्या घेऊ गं" हेही उमटलं, कारण श्रीकांतराव स्वयंपाकघरातून ओरडले होते. ती म्हणाली, "राहू दे. आत्याला चाललं असतं."

सात दिवसांत सत्तेचाळीस ओव्या झाल्या. पण डब्यातल्या वाती पाहिल्या की तिचा जीव चरकायचा. तळाशी पहिल्या दिवसाच्या वाती होत्या, तांदळाच्या शेवयांसारख्या एकसारख्या. त्यांच्यावर गाठाळ. सगळ्यांत वर तर नुसते चोळामोळा झालेले बोळे. आणि जिथं वात तुटे, तिथं ओवीही तुटे. शेवटचं पाऊल पडतच नसे. हात उचलून ती पाहत राहायची. अंगठ्याच्या मुळाशी मांस होतं तिथं खळगा पडला होता, आणि दंडाच्या कातडीखाली काहीतरी सारखं फुरफुरायचं, मुंग्यांची रांग चालल्यासारखं. नस दबली की असं फुरफुरतं का? विचारलं तर श्रीकांतराव म्हणत, "थंडी पडतेय ना."

आणखी एक होतं. सगळे गोड वागत होते. देवासची धाकटी बहीण जयू, जिचा महिन्यातून एकदा फोन यायचा आणि तोही भांडायला, ती आता रोज फोन करू लागली.

"तुझ्या मुलाच्या लग्नात तू मला मानाची साडी दिली ती रंग जाणारी होती," देवश्रीनं मुद्दाम उकरून काढलं.

"हो गं ताई. माझंच चुकलं."

"दुकानदारानं फसवलं म्हणत होतीस बारा वर्षं!"

"नाही नाही, तू म्हणतेस ते बराबर आहे."

देवश्रीनं फोन ठेवला. जयू भांडेना, म्हणजे काहीतरी झालं होतं. त्या दिवशी वात वळताना, न बोलावता, एक ओवी आपण होऊन ओठांवर आली. आत्या ही फार क्वचित म्हणे, आणि म्हटली की मध्येच उठून जाई.

दारी आला पाहुणा, पाठ करून बसला,
नाव विचारता हसला, सांगेना गं.

सॉफ्टवेअरनं निमूटपणे लिहून घेतली.

एका दुपारी ती झोपून उठली आणि बाहेरच्या खोलीच्या दाराशी थांबली. श्रीकांतराव नव्या मशीनसमोर बसले होते. दोन्ही हात मांड्यांवर उताणे, पूजेला बसल्यासारखे. मान ताठ. अंगातलं काहीच हलत नव्हतं, फक्त डोळे पडद्यावर इकडून तिकडं सरकत होते. आणि कीबोर्डाला कुणाचा हात लागलेला नसताना पडद्यावर अक्षरं येत होती. दे. थांबून, देव. मग फार वेळानं, देवश्री.

"काय चाललंय?"

ते दचकले. "काही नाही गं. आल्हादनं दाखवलंय. गेमसारखं आहे, नजरेनं लिहायचं."

"मग माझं नाव कशाला?"

"सुचलं नाही दुसरं काही," ते म्हणाले, आणि उठून पाणी प्यायला गेले. पाण्याचा तांब्या तिथंच, त्यांच्या पुढ्यात होता.

आणि मग श्रीकांतरावांच्या हातून ती चूक झाली. दुसऱ्या कुणाच्या घरात झाली नसती.

त्या घरातून मराठीचा कुठलाही कागद देवश्रीच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. छत्तीस वर्षांचा शिरस्ता होता. समाजाच्या गणपतीची पत्रिका असो, कुणाच्या मुंजीचं निमंत्रण असो, कुणी गेल्याची बातमी असो, सगळे म्हणत, "देवश्रीकाकूंना दाखवलं का?" उज्जैनचे मराठी लोक घरात मराठी बोलतात, पण निम्मी क्रियापदं बाजारातून उचललेली असतात, आणि त्याची त्यांना लाजही असते. तिसऱ्या सॉफ्टवेअरसाठी जी दोनशे वाक्यं आवाजात नोंदवायची, ती निहारिकानं तयार करून बाबांना पाठवली. आल्हादकडून छापून घेताना श्रीकांतरावांच्या लक्षात आलं, की मराठी जागोजाग लंगडी आहे. आता अशी वाक्यं देवश्रीच्या तोंडी कशी घालायची? सवयीनं त्यांचे पाय घरी वळले, सवयीनं कागद तिच्यापुढं आला, आणि जाता जाता त्यांनी एक थाप जोडून दिली.

"जरा बघ गं. निहारिकाच्या ओळखीतली कुणी पेशंट आहे, तिच्यासाठी आहे. मी सेठीनगरला जाऊन येतो."

देवश्रीनं लाल पेन डाव्या मुठीत धरलं, लाटणं धरतात तसं.

'मला करवट बदलायची आहे.' तिनं ते खोडून वर लिहिलं, 'मला कुशीवर वळवा.' 'मला पाणी पाजवा' याचं केलं, 'पाणी द्या, चमच्यानं.' 'कृपया उशी वर करा' यातलं कृपया तिनं काढून टाकलं. आपल्या माणसाला कुणी कृपया म्हणतं का! वाचता वाचता तिला ती बाई दिसायला लागली. पुण्याच्या कुठल्याशा खोलीत, पलंगावर, भिंतीकडं तोंड करून. 'मी जागी आहे.' 'मला सगळं ऐकू येतंय, बाहेर जाऊन बोलू नका.' 'डोळ्यांवरचे केस बाजूला करा.' किती लहान लहान गोष्टी मागाव्या लागतात बिचारीला, देवश्रीच्या मनात आलं. तिनं आणखी मायेनं दुरुस्त्या केल्या, वाक्यं आखूड केली. दमलेल्या माणसाला लांब वाक्य पेलत नाही.

चौसष्टावं वाक्य होतं, 'जयूला फोन लावा.'

पासष्टावं होतं, 'अहो, कापसाचा डबा मला दिसेल असा ठेवा.'

बाहेर भाजीवाला "पालक, मेथी, हरी धनिया" ओरडत पुढच्या गल्लीत गेला. त्याचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत देवश्रीनं पासष्टावं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग तिनं पेन उचललं आणि सहासष्टाव्या वाक्यापासून दोनशेपर्यंत सगळी वाक्यं तपासली. एकही चूक सोडली नाही.

श्रीकांतराव पेरू घेऊन आले.

"अहो, ही बाई कुठली?"

"कुठली म्हणजे? पुण्याची."

"पुण्याच्या बाईच्या बहिणीचं नावही जयूच?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. एक पेरू घरंगळत पलंगाखाली गेला. "चहा टाकू का?" त्यांनी विचारलं.

"बसा."

ते बसले. चपला काढायच्या राहिल्या.

"नाव काहीतरी लांबलचक आहे," ते म्हणाले. "एकेक स्नायू निजत जातो. आधी हात, मग पाय. मग जीभ. डोळे राहतात. डोळे शेवटपर्यंत राहतात म्हणे."

"आणि आतलं?"

"आतलं सगळं राहतं. कळतं, आठवतं. त्यातलं काही जात नाही."

"म्हणजे ओव्या आत राहतील."

"हो."

"आणि मीही त्यांच्याबरोबर आतच."

श्रीकांतराव वाकून चपला काढू लागले. देवश्रीला वाटलं होतं आपण रडू. पण आत नुसती शांतता होती, ग्रहण लागल्यावर पाखरं गप्प होतात तशी.

"पॅसेंजर आहे की मेल?" तिनं विचारलं.

रेल्वेचा माणूस. त्याला बरोबर कळलं. "सहा महिन्यांत समजेल म्हणाले. पण आवाज घ्यायचा असेल तर आत्ता घ्या म्हणाले. थांबू नका."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला कळलं असतं तर तू ओव्या सोडून माझीच समजूत घालत बसली असतीस. ओळखत नाही का मी तुला!"

ते खरंच होतं. आत्ताही तिचा डावा हात त्यांच्या गुडघ्यावर जाऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवश्रीनं तिन्ही कागद पुन्हा मांडले आणि पहिल्यापासून वाचले. आता त्यातली प्रत्येक अट तिला कळत होती. पहिल्याला बोटं हवी होती. ती हातची निसटत चालली होती. दुसऱ्याला जीभ हवी होती. ती होती, पण गेले काही दिवस दुपार झाली की आवाज बसत होता, आणि तिनं त्याचं खापर थंडीवर फोडलं होतं. तिसऱ्याला डोळे हवे होते. पण नजरेनं लिहिलेलं ते सॉफ्टवेअर ज्या आवाजात बोलून दाखवणार, तो आवाज आजच मोजून मागत होतं. मेमरी किती जीबी हे आल्हादनं पाहून घेतलं होतं. आवाज किती शिल्लक आहे, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. दिवसाला चाळीस मिनिटं बोला, त्याच्यापुढं आवाजाला ताण देऊ नका, इतकंच डॉक्टर श्रीकांतरावांना म्हणाले होते. चाळीस मिनिटांत एक तर दोनशे वाक्यांकडं वळायचं, नाहीतर ओव्यांकडं.

तिनं पुण्याला फोन लावला. "निहारिका, रडून झालं असेल तर ऐक. तुझ्या यंत्राला हीच वाक्यं लागतात का?"

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. "नाही आई. कुठलीही चालतात. पण बोलल्यासारखी पाहिजेत. गायलेलं ते घेत नाही."

"म्हणजे ओवी चालेल? सुराशिवाय?"

"चालेल." मग, "आई, तसं केलंस तर पुढं तू पाणी मागशील तेही ओवीच्याच आवाजात मागशील."

"मागेन की. तुझ्या बाबांना तेवढीच हौस."

ठरलं. दुसरा नंबर ऐकून लिहील, तिसरा तोच आवाज साठवेल. यंत्राला किमान दोनशे हव्यात, तर वरच्या एकशे बारा देवश्रीच्या. आधी उतरवलेल्या सत्तेचाळीस ओव्यांची पानं बाजूला ठेवून ती पहिलीपासून सुरुवात करणार होती.

मार्गशीर्षात काम सुरू झालं. रोज सकाळी नऊला खिडक्या बंद, पंखा बंद, फोन उशीखाली. श्रीकांतराव मशीनपाशी बसत, देवश्री माइकपुढं. सुराशिवाय ओवी म्हणणं तिला आधी जमेना. अंगावरचे सगळे दागिने उतरवून लेक दारात उभी राहावी, तशी ओवी दिसे. पण सूर डोक्यात ठेवून शब्द तेवढे सपाट काढायची युक्ती तिला हळूहळू साधली. ओवी नीट गेली की पडद्यावर हिरवी पट्टी उमटे आणि श्रीकांतराव आकडा सांगत. "एकोणीस." "वीस." पार्सलवर शिक्का मारावा तसा.

सव्वाशेच्या सुमाराला तिच्या बोटांना कापूस धरवेना. डबा मांडीवर होता, हात त्यात होते, पण हात निजले होते. एकशे सव्विसावी ओवी येईना. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी श्रीकांतराव तिच्यासमोर येऊन बसले. त्यांनी बोट दुधात बुडवलं, कापूस ओढला आणि वात वळायला लागले. इतकी वाईट वात त्या घरात कुणी वळली नव्हती.

"अहो, सुतळी करताय का?"

"तू बघ नुसतं."

तिनं पाहिलं. कापूस ओढला गेला, पीळ पडला, आणि तिच्या छातीत काहीतरी हललं. पहिला चरण आला. श्रीकांतराव वात संपवत नव्हते, तोवर तिचं शेवटचं पाऊलही थांबून होतं. वात डब्यात पडली आणि ओवी पुरी झाली. त्यानंतर रोज असंच. ती त्यांच्या हातांकडं बघे आणि बोले, आणि मधूनच म्हणे, "आत्यानं तुम्हाला घरात घेतलं नसतं." पट्टी हिरवी होत राही. पौष गेला. दोनशेचा आकडा ओलांडला त्या दिवशी निहारिकानं फोनवर टाळ्या वाजवल्या. देवश्रीनं तिला एकच सांगितलं, "अजून एकशे बारा आहेत."

माघातल्या एका मंगळवारी दोनशे सत्ताविसावी ओवी होती. देवश्रीनं ती म्हटली. पट्टी हिरवी झाली नाही.

"पुन्हा म्हण," श्रीकांतराव म्हणाले.

तिनं म्हटली. पट्टी लाल राहिली.

"माइकच बिघडलाय." त्यांनी वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा खोचली. आल्हादला फोन केला. तो म्हणाला, बाराला येतो.  दोन दिवसांपासून देवश्रीच्या जिभेखाली खडीसाखरेचा खडा अडकल्यासारखं वाटत होतं. पाणी पिताना ठसका लागत होता. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्यांदा म्हटल्यावर पट्टी गेली आणि पडद्यावर एक चौकोन आला. श्रीकांतरावांनी चष्मा पुसून वाचला. मग पुन्हा पुसला.

"काय म्हणतंय?"

"काही नाही. तांत्रिक आहे."

"अहो. मला वाचता येतं."

चौकोनात लिहिलं होतं: हा आवाज आधीच्या आवाजाशी जुळत नाही. तीच व्यक्ती बोलत आहे का? खाली दोन खुणा होत्या, हो आणि नाही.

निहारिकाला फोन लागला. तिनं शब्द निवडत निवडत सांगितलं. 'नाही' दाबलं तर नोंद इथं बंद होईल, दोनशे सव्वीस वाक्यांचा आवाज स्वच्छ राहील. 'हो' दाबलं तर आजचा आवाज त्यात मिसळेल, उद्याचाही मिसळेल. यंत्र पुढं बोलेल ते असंच, थोडं जड. आणि एकदा मिसळला की वेगळा काढता येणार नाही.

"'नाही' दाबतो," श्रीकांतराव लगेच म्हणाले. त्यांचा हात माऊसवर गेलाही. "दोनशे सव्वीस पुष्कळ झाल्या. उरलेल्या तू सांग, मी वहीत लिहून घेतो. एकदाही विचारणार नाही, म्हणजे काय म्हणून. शपथ."

"अक्षरं... लिहाल," देवश्री म्हणाली. 'लि' जड निघाला, तिला स्वतःला ऐकू आला. "आवाज?"

"आवाज आहे ना हा. हा तुझा चांगला आवाज आहे, देवश्री. मला हा पाहिजे." ते पडद्याकडं बोट दाखवत होते, जणू ती तिथं आत होती आणि इथं खुर्चीवर दुसरंच कुणीतरी बसलं होतं. "पुढं इतकी वर्षं मला हा ऐकायचाय गं."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. नखांत कापूस अडकलेला, बोटांवर दूध सुकलेलं. या माणसाला नाही म्हणणं तिला आयुष्यात फार वेळा जमलं नव्हतं. पण शहाऐंशी ओव्या तिच्या आत दाटीवाटीनं उभ्या होत्या, दार बंद व्हायच्या आधी फलाटावर माणसं उभी असतात तशा, आणि त्या आत्याच्या वाटेनंच येणार होत्या. तोंडातून. दुसरी वाट त्यांना ठाऊक नव्हती.

"मीच आहे," ती म्हणाली. हळू, एकेक अक्षर उचलून ठेवत. "हो दाबा."

"देवश्री..."

"दाबा."

श्रीकांतरावांनी डोळे मिटून हो दाबलं. चौकोन गेला. पट्टी हिरवी झाली, आणि यंत्रानं पुढचं वाक्य मागितलं.

त्यांनी कापसाचा पुंजका उचलला, बोट दुधात बुडवलं, धागा ओढायला सुरुवात केली. माइकवरचा लाल दिवा लागला. देवश्रीनं त्यांच्या हातांवर नजर ठेवून तोंड उघडलं. ओवी ओठांपर्यंत येऊन उभी होती. जीभ मागून येत होती.